शिशाच्या ओळंब्यापासून उपग्रहापर्यंत

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी आज्ञा झाली, तेव्हा खानदेशात राहणाऱ्या माणसाने समुद्रावर लेखणी उचलावी याचे प्रथम आमचे आम्हांसच नवल वाटले. जळगाव काय किंवा धुळे काय, दोन्ही जिल्हे कापसाचे, केळीचे व काळ्या मातीचे. येथील पुष्कळ मंडळींनी भरती-ओहोटी केवळ पुस्तकात पाहिलेली. तथापि आठवड्याच्या बाजारात सुक्या बोंबलांची रास दिसत नाही असे सहसा होत नाही. मुलताईस उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणारी आपली तापीमाई अखेर सुरतेपलीकडे खंबायतच्या आखातासच जाऊन मिळते. आणि रेल्वेच्या चाकरीनिमित्त किनारा सोडून इकडे आलेली जी कुटुंबे आपल्या देवळात शेजारी गुडघे टेकतात, त्यांपैकी कित्येकांची मुळे वसई-उत्तनच्या कोळीवाड्यांत आहेत. तेव्हा हा विषय आपणांस अगदीच परका आहे असे कोणी म्हणू नये.

प्रश्न साधा आहे. चहूंकडे पाणी असता, मी कोठे आहे, माझ्या पायाखाली किती खोली आहे आणि मासळी कोठे आहे, हे कोळ्यास कसे कळते? या तीन प्रश्नांची उत्तरे हजारो वर्षे कोळ्याच्या हातात, डोळ्यांत व कानांत होती. गेल्या शंभर वर्षांत ती यंत्रात गेली. या स्थलांतराने कोळ्याचे काय कल्याण झाले व त्याच्या हातचे काय गेले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

जुनी रीत अशी. दोरीच्या टोकास शिशाचा जड ओळंबा बांधून पाण्यात सोडावयाचा, आणि दोन्ही हात पसरून दोरी मोजावयाची. पसरलेल्या दोन हातांमधील अंतर ती एक वाव. ओळंब्याच्या बुडाशी खळगा असे व त्यात चरबी भरलेली असे. तळाची वाळू, चिखल अथवा शिंपल्यांचा चुरा तीस चिकटून वर येई, व तो पाहून अनुभवी तांडेल, आपण कोणत्या पट्ट्यात आलो, हे सांगे. किनारा दिसत असेल तोवर खुणांचा आधार असे. एका डोंगराचे शिखर दुसऱ्याच्या पाठीमागे नेमके आले, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूस देवळाचा मनोरा अमुक माडांच्या राईवर आला, म्हणजे त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे आपली होडी. भूमितीचे हे प्रमेय शाळेत न जाता बापाकडून मुलास मिळे, आणि दुसऱ्या घरच्या मुलास ते सहसा मिळत नसे! चांगल्या जागेची खूण ही शेताच्या सातबाऱ्यासारखीच मालमत्ता होती. फरक इतकाच की, ती कोणत्याही दप्तरात लिहिलेली नव्हती.

लिहून ठेवणारेही होऊन गेले. पोर्तुगीज सरदार जुआंव द कास्त्रू याने १५३८-३९ साली गोव्याहून दीवपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करून खाड्या, खडक, खोली व खुणा यांची टिपणे केली. हाच पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला व १५४८ साली संत फ्रान्सिस झेविअर यांच्या सान्निध्यात मरण पावला. त्याची टिपणे आरमारासाठी होती. कोळ्यास त्यांचा उपयोग झाला असेल असे आम्हांस वाटत नाही. कोळ्याचे ज्ञान दरबारात गेले, दरबाराचे ज्ञान कोळीवाड्यात आले नाही. ही रीत पुढेही पुष्कळ काळ चालली.

किनारा दिसेनासा झाला की ध्रुवतारा. हिंदी महासागरावरील नाखवे लाकडाची एक लहान फळी व तिला ओवलेली गाठींची दोरी बाळगीत. दोरी दातात धरून फळीची खालची कड क्षितिजास व वरची कड ध्रुवास टेकविली, म्हणजे कोणत्या गाठीवर ती जुळते यावरून आपण किती उत्तरेस आलो हे कळे. यास कमाल म्हणत. पवित्र मातेस ‘सागरतारा’ हे नाव ख्रिस्ती जगात का रूढ झाले, हे ज्याने अशी एक रात्र काढली त्यास समजावून सांगणे नलगे.

आकाशावरून भूमीवरील स्थान काढण्याच्या या विद्येशी आपल्या खानदेशाचाही संबंध आहे, हे येथे अभिमानाने नमूद करतो. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरात शके ११२८ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापिला, असे त्यात कोरले आहे. त्या ग्रंथात ग्रह-तारे वेधावयाच्या यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. पुढे भारताने पृथ्वीचे निरीक्षण करणारा आपला पहिला उपग्रह ७ जून १९७९ रोजी आकाशात धाडिला, त्यास ‘भास्कर’ असे नाव दिले. ते याच भास्कराचार्यांचे व त्यांच्याहून प्राचीन अशा दुसऱ्या भास्कराचे स्मरण होय. त्या उपग्रहावरील एक यंत्र समुद्रावरील बाष्प व समुद्राची स्थिती पाहण्यासाठीच होते. पाटणच्या रानातील शिळा आणि अरबी समुद्र यांची गाठ अशा रीतीने आकाशात पडली.

आता कानाकडे वळू. घोळ मासा पोटातील हवेच्या पिशवीच्या साहाय्याने पाण्यात आवाज करितो. अशा जातीचे मासे कान देऊन शोधण्याची कला आशियाच्या अनेक किनाऱ्यांवर कोळ्यांस अवगत होती. पाण्यात ध्वनी उत्तम चालतो ही गोष्ट त्यांस ठाऊक होती. तो किती वेगाने चालतो हे मात्र १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरावर प्रथम नीट मोजले गेले. कोलाडों व स्टुर्म या दोघांनी दोन होड्या सुमारे साडेतेरा किलोमीटर अंतरावर उभ्या केल्या. एकीवरून पाण्याखाली टांगलेली घंटा वाजविली व त्याच क्षणी बंदुकीची दारू पेटविली. दुसरीवर पाण्यात नळी सोडून कान लावलेला मनुष्य, उजेड दिसल्यापासून घंटा ऐकू येईतोपर्यंतचा वेळ मोजीत होता. सेकंदास १४३५ मीटर असा वेग निघाला. देवळाची घंटा आपण हवेतून ऐकतो, तिच्या चौपटीहून अधिक वेग हा!

या ज्ञानाचा उपयोग करून घेण्याची निकड मात्र आपत्तीने आणिली. १९१२ साली टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडाले, तेव्हा आवाज पाठवून त्याचा प्रतिध्वनी ऐकावा व पुढील संकट ओळखावे या कल्पनेमागे अनेक जण लागले. जर्मनीत बेम याने १९१३ साली पेटंट घेतले. अमेरिकेत फेसेंडन याने १९१४ साली हिमनगावरून प्रतिध्वनी मिळविला. पुढे महायुद्ध पेटले, पाणबुड्या शोधणे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला, आणि फ्रान्समध्ये लांजव्हँ याने गारगोटीच्या स्फटिकास विजेने कंपायमान करून, मनुष्याच्या कानास ऐकू न येणारा सूक्ष्म ध्वनी पाण्यात सोडला. स्फटिकाचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० सालीच शोधून ठेविला होता. याच विद्येस पुढे ‘सोनार’ हे नाव पडले. आपल्याकडील सराफकट्ट्याशी त्याचा काही संबंध नाही, हे जळगावच्या वाचकांस मुद्दाम सांगितले पाहिजे.

यंत्र पाणबुडी शोधण्यासाठी होते. मासा त्यात आगंतुक म्हणून शिरला. नॉर्वेच्या लोफोटेन किनाऱ्यावर ओस्कार सुंद याने १९३५ साली कॉड माशांच्या थव्यांचे प्रतिध्वनी कागदावर उमटवून दाखविले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात नागासाकीकडील फुरुनो बंधूंनी शिलकी लष्करी यंत्रे घेऊन खटपट केली आणि १९४८ साली मासे शोधण्याचे यंत्र बाजारात आणिले. प्रारंभी कोळ्यांनी त्यांची थट्टाच केली, असे सांगतात. मासळी भरून येऊ लागली तेव्हा थट्टा थांबली.

यंत्राचे काम समजण्यास अवघड नाही. होडीच्या बुडाशी बसविलेली चकती ध्वनीचा एक ठोका खाली सोडते व लगेच ऐकत राहते. खाऱ्या पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे १५०० मीटर जातो. ठोका तळास लागून सेकंदाच्या दहाव्या भागात परत आला, तर जाण्यायेण्याचे अंतर १५० मीटर, म्हणजे खोली ७५ मीटर, सुमारे ४१ वाव. ज्या कामास दोन माणसे व दोरीचे भेंडोळे लागे ते काम आता सेकंदातून अनेकदा होते. मधल्या पाण्यात मासा असेल तर त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून ध्वनी जोराने परततो व पडद्यावर कमानीसारखी आकृती उमटते. ज्या पिशवीच्या बळावर घोळ आवाज करितो, आणि जी ‘बोत’ म्हणून सोन्याच्या मोलाने विकली जाते, तीच त्याचा ठावठिकाणा उघड करिते. मुशीस अशी पिशवी नसते. म्हणून तिची सावली फिकी. मोठ्या नौकांवरील सोनार तर खालीच नव्हे, चहूंकडे पाहते व दूरचा तारलीचा थवा दाखविते.

दुसरे यंत्र स्थानाचे. अमेरिकेच्या लष्कराने १९७८ पासून आकाशात सोडलेले उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अहोरात्र आपली वेळ पुकारीत असतात. १९९५ साली ही व्यवस्था पूर्ण झाली. निदान चार उपग्रहांच्या पुकाऱ्यांतील वेळेचा फरक पाहून होडीवरील लहानसे यंत्र आपले स्थान काढते. सेकंदाचा दशलक्षांश चुकला तर स्थान ३०० मीटर चुकते. म्हणून प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ. सामान्य लोकांस मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम ठेवलेली अशुद्धता २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली, आणि तेव्हापासून हातात मावणारे जीपीएस यंत्र कोळ्याच्या खरोखर उपयोगाचे झाले. कारगिलच्या युद्धानंतर परक्याच्या उपग्रहांवर विसंबणे बरे नव्हे असा विचार बळावला. २०१३ ते २०१६ या काळात भारताने स्वतःची उपग्रहमाला उभारली व तिला ‘नाविक’ हे नाव दिले. त्यांतील काही उपग्रहांवरील अणुघड्याळे पुढे बंद पडली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ, कारण खरा पेच तेथे आहे. वसई, उत्तन, अर्नाळा येथील बोंबील धरणारे कोळी डोल लावतात. डोल म्हणजे प्रवाहात तोंड उघडे धरून बांधलेली मोठी पिशवीच. उधाणाचे पाणी मासळी आणून तीत घालते. अशा मासेमारीस मासे शोधण्याचे यंत्र फारसे लागत नाही. मासा शोधावयाचा नसून वाट पाहावयाची असते. परंतु जेथे खुंट रोवून जाळे बांधले ती जागा, जिला ‘कव’ म्हणतात, ती पुन्हा सापडली पाहिजे. किनारा दिसेनासा झाल्यावर ती सापडणे महाकठीण. उपग्रहाने हे काम सोपे केले. मग कवी अधिक दूर जाऊ लागल्या, उत्तरेस पालघर-डहाणूच्या समोरील समुद्रात जाऊ लागल्या. तेथे सातपाटीचे कोळी पापलेटासाठी वाहती जाळी सोडतात. ती जाळी खुंटांत अडकून फाटू लागली आणि वर्षानुवर्षांचा वाद उभा राहिला. दोन्ही बाजूंचे लोक कष्टाळू, दोन्हीकडे लेकरे घरी वाट पाहणारी. जागा अचूक कळू लागली म्हणजे भांडणे मिटतील असा शहाण्यांचा समज असतो. येथे नेमके उलट झाले. पूर्वी ‘इकडे कोठेतरी’ असे जे होते ते आता अंशाच्या अपूर्णांकापर्यंत ‘माझे’ झाले.

आणि घरची खूण घरात राहिली नाही. तीन पिढ्यांनी सांभाळलेले मासळीचे ठिकाण आता दोन आकड्यांत मावते, व ते आकडे एका खलाशाच्या खिशातून दुसऱ्या बंदरात जावयास एक रात्र पुरते.

सीमेचा प्रश्न याहून दारुण. डहाणू-तलासरीकडील अनेक आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पाकिस्तानची सागरी हद्द पाण्यावर दिसत नाही, पडद्यावर दिसते. परंतु पडदा तांडेलाच्या केबिनमध्ये असतो व मासळीमागे कोठवर जावयाचे हे खलाशास कोणी विचारीत नाही. पकडले गेले म्हणजे मात्र कराचीच्या मलीर तुरुंगात दोघेही सारखेच. १९८१ साली राज्याने सागरी मासेमारीचा कायदा केला, पुढे दुरुस्त्याही झाल्या. पण समुद्राच्या त्या कोपऱ्यात कायद्याहून बंदूक जवळ असते. २०२१ च्या नोव्हेंबरात पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातील एक खलाशी प्राणास मुकला. त्याच्या तेरा वर्षे आधी, २००८ च्या नोव्हेंबरात, ‘कुबेर’ नावाची गुजरातची मासेमारी बोट पळवून, तिच्यावरील माणसांस ठार करून, दहा मारेकरी मुंबईस आले. मार्ग त्यांना जीपीएस यंत्रानेच दाखविला. जे यंत्र कोळ्यास घरी आणिते तेच यंत्र घातक्यासही नेमके पोहोचविते. त्यानंतर कोळ्यांस ओळखपत्रे, बोटींस ठराविक रंग व मोठ्या नौकांस आपले स्थान प्रकट करणारी यंत्रे आली. आजवर कोळी समुद्र पाहत होता. आता त्यासही कोणी पाहू लागले.

इतके सारे सांगूनही, स्थान दाखविणाऱ्या यंत्राविरुद्ध आम्ही बोलणार नाही. त्यास कारण २०१७ ची ओखी. त्या वर्षी ३० नोव्हेंबरच्या सुमारास कन्याकुमारीजवळ हे वादळ उठले. तूत्तूर परिसरातील आपले कॅथलिक कोळीबांधव खोल समुद्रात मुशी धरण्यात प्रवीण. आठवडेच्या आठवडे बाहेर राहणारे. जीपीएस त्यांच्यापाशी होते, आपण कोठे आहोत हे त्यांस ठाऊक होते. परंतु वादळ येत आहे ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, कारण बोटीवरील बिनतारी संच काही दहा किलोमीटरपलीकडे जात नाही. तामिळनाडू व केरळ मिळून शेकडो कोळी मेले वा बेपत्ता झाले. त्याच वादळात ६८ बोटी व ९५२ माणसे आपल्या सिंधुदुर्गातील देवगड बंदरात सुखरूप लागली. त्यांतील ६६ बोटी केरळच्या होत्या. अनोळखी किनाऱ्यावर अशा हवेत बंदर सापडणे हे पूर्वीच्या काळी थोड्यांच्याच नशिबी असते.

या आपत्तीनंतर हैदराबादच्या समुद्रमाहिती केंद्राने, म्हणजे १९९९ साली स्थापन झालेल्या इन्कॉइस या संस्थेने, २०१९ साली ‘जेमिनी’ नावाचे यंत्र पुढे आणिले. उपग्रहाकडून आलेला वादळाचा इशारा ते कोळ्याच्या फोनवर दाखविते. पण त्यातून कोळी उलट बोलू शकत नाही. बुडणाऱ्याने हाक मारावी अशी सोय त्यात नव्हती. ती पुढे उपग्रहाशी दुतर्फा बोलणाऱ्या यंत्राने झाली. अशी एक लाख यंत्रे बोटींवर बसविण्याच्या योजनेचा आरंभ पंतप्रधानांच्या हस्ते ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. त्याच समारंभात, त्याच दिवशी, वाढवण बंदराची पायाभरणीही झाली, ज्या बंदरामुळे आपला समुद्र जाईल म्हणून डहाणू परिसरातील कोळी कित्येक वर्षे विरोध करीत आले आहेत. एका हाताने समुद्रातून घरी येण्याचे साधन मिळाले व दुसऱ्या हाताने समुद्रच घेतला जातो आहे, असे त्यांच्यापैकी अनेकांस वाटले तर त्यांस दोष देववत नाही.

मासा दाखविणाऱ्या यंत्राविषयी मात्र आमचे मन निःशंक नाही. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता व पाण्याचा हिरवेपणा पाहतात. त्यावरून मासळी कोठे जमेल याचे अंदाज इन्कॉइस बंदरोबंदरी पाठविते. त्याने शोधाशोधीचे डिझेल वाचते, हे खरे. परंतु मोठ्या पर्ससीन जाळ्याच्या नौकेवर सोनार असले म्हणजे तारलीच्या थव्यास लपावयास जागा उरत नाही. २०१६ साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. २०१७ साली केंद्राने प्रखर दिवे लावून मासे ओढण्यास बंदी केली. २०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतील हा नीचांक. त्या वर्षी वादळेही पुष्कळ झाली, तेव्हा सारा दोष यंत्रास देणे अन्यायाचे होईल. तथापि पूर्वी माशास अज्ञानाचे एक संरक्षण होते. तांडेलास जे ठाऊक नव्हते, त्यात पुढील वर्षाचे बियाणे शिल्लक राही. २०२३ साली पापलेटास राज्यमाशाचा मान देण्यात आला, तोही ते दुर्मिळ होऊ लागल्यावर.

आता शेवटी आपल्या पाण्याकडे. भुसावळ तालुक्यात, पूर्णा जेथे तापीस मिळते त्या चांगदेवाच्या खालच्या अंगास, ४१ दरवाजांचे हतनूर धरण आहे. ते १९८२ साली पूर्ण झाले. खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बांध ओलांडीत पाणी उकाईस जाते. या जलाशयांवर भोई व कोळी बांधव संध्याकाळी जाळे लावतात व पहाटे काढतात. कित्येकांची नाव म्हणजे थर्मोकोलचा तराफा. त्यावर कोणता पडदा बसविणार? बांबू तळास लावून खोली पाहतात, बुडालेल्या झाडाची जागा आठवणीत ठेवतात व जाळे तेथून चुकवितात.

प्रतिध्वनीचे यंत्र जलाशयांवरही येते, पण मासळीसाठी नव्हे. पाटबंधाऱ्याचे अभियंते लहान मोटारबोटीवर ते व उपग्रहाचे स्थानयंत्र जोडून पाण्यावर नांगरटीसारख्या रेघा मारतात, व तळाशी गाळ किती साचला हे मोजतात. हतनूरच्या पोटात तापी-पूर्णेने आणलेला गाळ मोठा आहे. तेथील म्हाताऱ्या भोयास हे यंत्रावाचून ठाऊक असते. पूर्वी जेथे बांबू पुरा बुडे तेथे आता तो अर्धाच जातो, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे त्याच्या टोकास चिखल येतो, जुन्या तांडेलाच्या ओळंब्यास येई तसाच.